बोअरचं पाणी आणि फिश टँकच्या काचेवरचे क्षार

छत्रपती संभाजीनगरात बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्याला क्षार म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला जपून ठेवायचं, बाकी सगळं बोअरवर. गिझरची कॉइल पांढरी, शॉवरची भोकं बुजलेली, कूलरच्या ताट्या उन्हाळा संपेपर्यंत कडक. अजिंठ्याला किंवा वेरूळला गेलं की स्फटिक विकणारे मागे लागतात. त्यांच्याकडचे काही स्फटिक कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले. शेतात काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, तेही त्याच कुळातले. जमिनीतलं हे कॅल्शियम पाण्यात विरघळून वर येतं आणि पाणी उडून गेलं की मागे राहतं. माझ्या फिश टँकच्या काचेवर पाण्याच्या पातळीलगत बोटभर रुंद पांढरी पट्टी होती, ती अशीच आलेली.

पट्टी एका दिवसात होत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की टँकमधलं पाणी बघता बघता दोन बोटं खाली जातं. मग आपण वरून बोअरचं पाणी ओततो. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टँकमध्येच राहतात, आणि वरून ओतलेल्या पाण्यातून आणखी येतात. काचेलगतचं पाणी आटताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नसल्यामुळे काचेला धरून बसतं. एअर पंपाचे बुडबुडे जिथे फुटतात त्या कोपऱ्यात शिंतोड्यांचे ठिपके वेगळेच.

यात माशांची काहीच तक्रार नव्हती. माझ्याकडे गप्पी आणि मॉली आहेत आणि दोघांनाही जड पाणीच मानवतं. पट्टी खुपत होती ती मला आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवून टाकलं की ज्यांना त्रास नाही त्यांना आपल्या हौसेपायी त्रास द्यायचा नाही. पाण्यात काहीही घालायचं नाही, मासे बाहेर काढायचे नाहीत, आणि जे करायचं ते फक्त काचेवर.

याच सुमारास शेजारचे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि जाताना त्यांचा जुना टँक मला देऊन गेले. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अगदी माझ्याच मापाचा. मासे गेल्यावर त्यातलं पाणी काढलंच नव्हतं, ते गॅलरीत तसंच आटत गेलं होतं. त्यामुळे तळापासून वरपर्यंत काचेवर एकाखाली एक पांढऱ्या रेघा. चालू टँकला हात लावण्याआधी सराव करायला याहून चांगली वस्तू मिळाली नसती.

आधी पाणी तपासलं. टीडीएस मीटरवर भागत नाही. तो मीठ धरून जे जे विरघळलंय ते सगळं एकत्र दाखवतो, काचेवर बसणारा भाग त्यातून वेगळा कळत नाही. थेंब टाकून रंग बदलण्याची जी किट मासेवाल्याच्या दुकानात मिळते, तिच्यात जीएच (पाण्यातलं एकूण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम) आणि केएच (आम्ल झेलणारं बायकार्बोनेट) असे दोन आकडे कळतात. आमच्या बोअरचा जीएच २४ अंश निघाला. एक अंश म्हणजे लिटरला साधारण १७.८५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आमचं पाणी ४३० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ही मर्यादा २०० आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. केएच १४ अंश. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचाच उपयोग झाला.

आता उपाय. सल्ले भरपूर मिळाले. नळदुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, फरशीचं अ‍ॅसिड मारा, दोन मिनिटांत काच नवी." त्याचं खोटं नव्हतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडपुढे हा थर टिकत नाही. पण त्याचा धूर नाकात जातो, झाकणाची पत्र्याची पट्टी खातो, आणि चुकून त्याच बादलीत ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू निघतो. घरात, त्यातही माशांच्या शेजारी, ते आणायचं कारणच नाही. निळ्या बाटलीतला काचेचा क्लीनर धुळीसाठी बरा, क्षारांना तो काही करत नाही, शिवाय अशा बऱ्याच क्लीनरमध्ये अमोनिया असतो आणि अमोनिया हा माशांचा उघड शत्रू. टूथपेस्ट आणि भांड्यांची पावडर घासण्यासाठीच बनवलेली असते, कोपऱ्यात अडकली की फेस आणि वास निघता निघत नाही. आणि खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर ओतून होणारा तो प्रसिद्ध फेस! तो पाहायला छान वाटतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात आणि काचेच्या वाट्याला खारट पाणी येतं.

आई म्हणाली, "चिंच लाव की. पितळेचा हंडा निघतो, काच निघणार नाही होय?" आंबट पदार्थाने क्षार सुटतात हे खरंच. पण इथे एक बारकी गोष्ट आहे. चिंचेतलं टार्टारिक अ‍ॅसिड आणि लिंबूसत्त्वातलं सायट्रिक अ‍ॅसिड कॅल्शियमशी मिळून जे बनवतात ते पाण्यात कमी विरघळतं. काचेवर वाळलं तर पुन्हा पांढरी भुकटी दिसते. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं तसं नाही. त्याचा कॅल्शियमशी होणारा क्षार पाण्यात सहज विरघळतो आणि ओल्या फडक्याने पुसला जातो. म्हणून मी साधं पांढरं व्हिनेगर घेतलं, किराणा दुकानात मिळतं तेच, चार टक्क्यांच्या आसपासचं. रंगीत नको, मिरच्या घातलेलं तर नकोच.

काकांचा टँक भावाच्या मदतीने गच्चीवर नेला आणि थर्माकोलच्या जाड तुकड्यावर आडवा ठेवला. सगळ्यात आधी नुसत्या पाण्याने धुतला, कारण तळाला वाळूचे कण चिकटलेले होते. काच खराब होते ती बहुतेक वेळा या कणांनी. मोह्जच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर वाळूतलं क्वार्ट्ज ७, काच साडेपाचच्या आसपास, आणि कॅल्साइट फक्त ३. म्हणजे क्षाराचा थर काचेहून मऊ, आणि वाळू काचेहून कडक. घासणीत एक कण जरी अडकला तरी तो काचेवर कायमची रेघ मारून जातो. चुंबकाचे जे क्लीनर मिळतात त्यांनी ओरखडे पडतात तेही याच कारणाने. तळाशी वाळूला टेकवला, कण अडकला, आणि तसाच वर ओढला. खडे मीठ काचेहून मऊ असतं, मोह्जवर अडीच, त्यामुळे घासायला काही हवंच असेल तर मीठ चालतं आणि शेवटी पाण्यात विरघळूनही जातं.

टँक आडवा असल्यामुळे खालची काच ताटासारखी झाली. तिच्यावर जुन्या सुती साडीचे तुकडे पसरले, निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी करून ते भिजवले आणि वरून प्लास्टिकचा कागद टाकला. गच्चीवरच्या उन्हात व्हिनेगर उडून जायला वेळ लागत नाही, म्हणून सकाळी सावली असतानाच हे उरकलं. कपड्याची कड उचलून पाहिलं तर थरावर बारीक बुडबुडे धरलेले. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे काम चाललंय. अर्ध्या तासाने कपडा काढून पुसलं. पातळ रेघा गेल्या. जाड रेघांचा वरचा भाग चिखलासारखा सैल झाला होता, खालचा तसाच. दाट थरावर निम्मं पाणी न घालता नुसतं व्हिनेगर वापरलं आणि पुन्हा झाकून ठेवलं. इथे घाई करून काही होत नाही, अ‍ॅसिड संपलं की ते थांबतं, नवं घालावं लागतं.

उरलेल्यासाठी ब्लेड. दाढीचं पातळ ब्लेड वाकतं आणि बोट कापतं. हार्डवेअरच्या दुकानात काचेवरचा रंग खरवडायची मूठवाली पट्टी मिळते, तिच्यात एका बाजूला धार असलेलं जाड ब्लेड बसतं, ते घ्यावं. काच ओली हवी, ब्लेड नवं हवं, आणि ते काचेशी जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने पुढे ढकलायचं. मागेपुढे केलं की सुटलेला कण धारेखाली येतो. धारेला दात पडला की ब्लेड लगेच बदलायचं. टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर यातलं ब्लेड विसरूनच जायचं, त्यावर नखाचाही ओरखडा उठतो. आणि काचेच्या टँकमध्ये कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून ब्लेड बोटभर लांब ठेवायचं. टँकचा सगळा भार त्या सिलिकॉनवर असतो. पातळ व्हिनेगरने पक्कं झालेलं सिलिकॉन एवढ्या वेळात बिघडत नाही (नवं सिलिकॉन सुकताना जो आंबट वास येतो तो तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचाच), पण धारेने एक चीर पडली की गळती ठरलेली. कोपऱ्यातले क्षार मी जुन्या टूथब्रशने काढले आणि जे निघाले नाहीत ते ठेवून दिले.

एक पट्टा मात्र कशालाच दाद देईना. व्हिनेगर घातलं तर बुडबुडा नाही, ब्लेड फिरवलं तर काही अडकत नाही, वाळलं की धुरकट दिसतं. बुडबुडा नाही म्हणजे तिथे कार्बोनेट उरलेलं नाही. बसॉल्टमधून, म्हणजे आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात सिलिका असते आणि तिच्या थरावर व्हिनेगरचं काही चालत नाही. किंवा वर्षानुवर्षं ओलसर क्षाराखाली राहून काचेचाच पृष्ठभाग खरबरीत झालेला असतो. गाडीची काच पॉलिश करणारे सेरियम ऑक्साइडची पेस्ट आणि फेल्टची चकती वापरून असे डाग उतरवतात. रिकाम्या टँकवर ते करता येतं, पण तेवढा खटाटोप मला पटला नाही. तीन फुटी टँकच्या समोरच्या आणि मागच्या काचा सारख्याच असतात. धुरकट काच मागे केली, बाहेरून काळा कागद लावला, विषय संपला. मग टँक भरपूर पाण्याने धुतला, सपाट जागी भरून रात्रभर ठेवला, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. सकाळी कागद कोरडाच होता.

चालू टँकची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक पावलाला खाली मासे आहेत.

पहिलं काम वीज. हीटर, फिल्टर, दिवा, सगळ्यांच्या पिना काढल्या. हीटर बंद केल्यावर थोडा वेळ थांबले आणि मगच पाणी उपसलं, कारण गरम काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो. एअर पंप तेवढा सुरू ठेवला. पाइपने चौथा भाग पाणी काढलं, नाहीतरी पाणी बदलायचा दिवस होताच. आता पांढरी पट्टी पाण्यापासून चांगली अर्धी वीत वर आली. या कामातली सगळी सुरक्षितता या अर्ध्या वितीच्या अंतरात आहे असं मला वाटतं. पट्टी पाण्याला लागून असताना कितीही जपून पुसा, थेंब खाली जाणारच.

टिश्यू पेपरच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवून घट्ट पिळल्या. पिळल्यावर एकही थेंब गळता कामा नये. त्या पट्टीवर चिकटवून वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म लावली. स्प्रेची बाटली मी मुद्दाम वापरली नाही, तिचा फवारा कुठे जातो ते आपल्या हातात राहत नाही. खाली, पाण्याच्या बाजूला, कोरडं फडकं काचेला धरून ठेवलं. पंधरावीस मिनिटांनी पट्ट्या काढल्या, ब्लेड खालून वर फिरवलं म्हणजे सुटलेला थर वरच्या फडक्यात येतो, आणि टँकच्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्याने काच दोनदा पुसली. समोरची बाजू झाली की मग शेजारची. चारही बाजूंना एकदम पट्ट्या लावल्या असत्या तर लक्ष ठेवता आलं नसतं.

आणि थोडं पडलंच तर? त्यासाठी तो केएच. माझ्या टँकमध्ये अंदाजे ११० लिटर पाणी, केएच १४. एवढ्या पाण्यात आम्ल झेलण्याची जी ताकद आहे तिचा हिशेब केला, तर एक चहाचा चमचा व्हिनेगर तिच्यातला एक टक्काही खर्च करत नाही. पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप, जागचा हलणार नाही. जड पाण्याने काच खराब केली, आणि काच साफ करताना माशांना सांभाळणारंही तेच जड पाणी. पण हाच चमचा आरओचं पाणी भरलेल्या दहा लिटरच्या बाउलमध्ये पडला, जिथे केएच जेमतेम एक अंश असतो, तर जवळजवळ सगळी ताकद एका फटक्यात संपते आणि पीएच कोसळतो. म्हणून बाउलवाल्यांनी मासे दुसऱ्या भांड्यात काढूनच काम करावं. मोठ्या टँकमध्येही वाटीभर व्हिनेगर सांडलं तर दुर्लक्ष करू नये. पीएच टिकला तरी व्हिनेगरचं पाण्यात जे अ‍ॅसिटेट होतं ते जिवाणूंचं आवडतं खाद्य, पाणी दुधी होतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. अशा वेळी पुन्हा पाणी बदलणं आणि हवेचा पंप जोरात ठेवणं हाच उपाय.

गोगलगायींकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्या पाण्याबाहेर काचेवर चढतात, आणि त्यांचं शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. जे व्हिनेगर पट्टीला खातं ते त्यांच्या शिंपल्यालाही खाणार. मी त्यांना आधी उचलून पाण्यात सोडलं आणि काम संपेपर्यंत एक डोळा त्यांच्यावर ठेवला. नेराइट जातीच्या गोगलगायी पाण्याखालच्या काचेवर पांढरे टणक ठिपके ठेवतात. ती अंडी असतात, क्षार नव्हेत, आणि गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत. ते नुसत्या ब्लेडने निघतात. पाण्याखाली आंबट काही नेण्याचा प्रश्नच येत नाही.

नवं पाणी टँकच्याच तापमानाचं करून, ताटलीवर धार धरून सावकाश भरलं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, नळाचं असेल तर अँटिक्लोरीन आधी घालायचं. फिल्टर सुरू झाला, मासे खायला वर आले.

तेव्हापासून पाणी आटलं की वरून आरओचं पाणी घालते. उडून गेलं ते शुद्ध पाणी, तर परत द्यायचं तेही शुद्ध. टँकचं पाणी यामुळे मऊ होत नाही, कारण क्षार आतच आहेत. पाणी बदलताना मात्र बोअरचंच, गप्पी-मॉलीला तेच हवं. कितीतरी घरांत आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी टँकमध्ये ओततात, काटकसर म्हणून. त्या पाण्यात सगळे क्षार दाटून आलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, टँकला नको. वर काचेचं झाकण बसवल्यावर आटणंही कमी झालं, आणि पाणी बदलायच्या दिवशी ओल्या फडक्याने तो पट्टा पुसून काढते. क्षार कोवळे असतात तोवर व्हिनेगर लागत नाही.

फरशी म्हणताना आठवलं. टँकखाली शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर काम सुरू करण्याआधी खाली प्लास्टिक आणि त्यावर जाड गोधडी टाका. हे तिन्ही दगड चुन्याचेच, व्हिनेगरचा थेंब त्यांच्यावर राहिला की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो, आणि तो कशाने पुसून निघत नाही. उरलेलं व्हिनेगर आईने शॉवरच्या चाळणीसाठी नेलं. ओट्यावर मात्र तिला बाटली टेकवू दिली नाही, आमचा ओटा कडप्प्याचा आहे.